सगळे हसत होते, मी आपली चहा पीत होते

(नाटक-सिनेमाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरात आमच्या ताई उत्तरं देतात. पुण्यात त्यांनी अनेक वर्षं नाटकांची रंगभूषा आणि वेशभूषा केली आहे.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. दिवाळीत मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियाहून आले होते. फराळाच्या बशा घेऊन सगळे टीव्हीसमोर बसलो आणि जावईबापूंनी 'मिसेस डाउटफायर' लावला. घटस्फोट झालेला बाप मुलांच्या जवळ राहता यावं म्हणून म्हातारी बाई बनतो आणि बायकोच्याच घरी मुलं सांभाळायला कामाला लागतो, अशी गोष्ट. मुलगी, जावई, नात, सगळे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. मला सिनेमा वाईट वाटला नाही, पण खदखदून हसू काही आलं नाही. मध्येच उठून चहा टाकून आले, तरी काही हुकल्यासारखं वाटलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुला विनोदच कळत नाही." आणि हीच मी 'चाची ४२०' बघताना पोट धरून हसले होते! इंग्रजीची अडचण म्हणावी तर शाळेत मी तोच विषय शिकवायचे. मग माझं घोडं अडलं कुठे?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई, 'चाची'ला पोट धरून हसणाऱ्या माणसाला विनोद कळत नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही. लेकीला माझं नाव सांगा. शिवाय या सिनेमाला 'ठीक आहे' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेतले नावाजलेले समीक्षक रॉजर एबर्ट यांनीही याला चारपैकी अडीचच तारे दिले होते. मला विचाराल तर मीसुद्धा तिथेच कुठेतरी घुटमळते. दोन प्रसंग फक्कड, एक नट अफाट, आणि उरलेला सिनेमा बेताचा.

सिनेमा १९९३चा. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, म्हणजे 'होम अलोन'वाले. अॅन फाइन या ब्रिटिश लेखिकेच्या १९८७च्या कादंबरीवरून घेतलेला, फक्त गोष्ट उचलून सॅन फ्रान्सिस्कोला नेलेली. त्या वर्षीच्या सिनेमांत जगभरच्या कमाईत 'ज्युरासिक पार्क'च्या खालोखाल हाच होता. तेव्हा तुमच्या घरातली मंडळी हसली यात नवल नाही. तुम्ही का हसला नाहीत, हे मात्र सांगता येण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट बापाचं काम करणाऱ्या रॉबिन विल्यम्सची. हा माणूस मुळात एकट्याने उभं राहून लोकांना हसवणारा. कॅमेरा सुरू झाला की लिहून दिलेलं बाजूला ठेवून सुटायचा. कोलंबसनी म्हणूनच एकाच वेळी जास्त कॅमेरे लावून चित्रण केलं, कारण पुढच्या टेकला तो तेच वाक्य बोलेल याचा भरवसा नसायचा. त्याच्या या सुटण्यात निम्मा भाग नकलांचा असतो. सुरुवातीला ती कोर्टाची बाई त्याला विचारते, तुम्हाला काय काय येतं? तो म्हणतो, आवाज काढता येतात, आणि मग एकापाठोपाठ एक आवाज काढत सुटतो. भाऊ त्याला बाई बनवायला बसतो तेव्हाही तेच : वेगवेगळे टोप, वेगवेगळ्या बायका, प्रत्येक कुणातरी अमेरिकन माणसाला ओळखीची. नक्कल ही मूळ माणूस ठाऊक असेल तरच रंगते. निळू फुल्यांचा "बाई" ज्याने कधी ऐकलाच नाही, त्याच्यापुढे त्यांची कितीही हुबेहूब नक्कल करा, तो आपला सभ्यपणे बघत बसेल. तुम्ही तशाच सभ्यपणे बघत बसलात. त्याला व्याकरण येऊन उपयोग नाही. तुमची मुलगी तिकडे राहते, तिला ती माणसं कळली.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुरुषाला बाई केलं की अमेरिकन प्रेक्षक तेवढ्यावरच हसतो. आपल्याला तेवढं पुरत नाही. ज्या गावात बालगंधर्व रंगमंदिर आहे आणि तिथे गोपाळ देऊस्करांनी रंगवलेलं बालगंधर्वांचं स्त्रीवेशातलं तैलचित्र लावलंय, त्या गावाला साडीतला पुरुष ही मुळात गंमतच नव्हती. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, सिंधू किंवा भामिनी म्हणून उभे राहिले की लोक हसायचे नाहीत, रडायचे. घरंदाज बायका त्यांची साडी आणि केसांची ठेवण बघून तशी आपली करायच्या. म्हणजे आपल्याकडे आधी ते सौंदर्य होतं, विनोद नंतर आला. आणि आला तोही कसा? अत्र्यांनी ब्रँडन टॉमस यांच्या १८९२च्या इंग्रजी प्रहसनावरून 'मोरूची मावशी' लिहिलं, पुढे विजय चव्हाणांनी ती मावशी नाचवली, आणि प्रेक्षक खुर्चीतून खाली यायचे बाकी राहिले. १९८८ला 'अशी ही बनवाबनवी' आला. खोली मिळेना म्हणून पुण्यात बायको बनलेला लक्ष्मीकांत बेर्डे कुणाला सांगायला नको. या सगळ्यांत साडी नेसणं ही फक्त सुरुवात असते. खरी धमाल पुढे : आता ही बाई कुणाच्या गळ्यात पडणार, कुणाला संशय येणार, आणि एक थाप झाकायला किती थापा मारायच्या.

'चाची ४२०' १९९७चा, गोष्ट 'डाउटफायर'चीच, पण मधे तमिळ 'अव्वै षण्मुगी'चा मुक्काम करून आलेली. तिथे बघा काय होतं. चाचीवर सासरा भाळतो, म्हणजे साक्षात अमरीश पुरी. घरमालक परेश रावल तिच्या मागे. ओम पुरी पहिल्यापासून नाक लावून हुंगतोय. तोंडाला रंग लावणारा कोण, तर जॉनी वॉकर. त्यातून बाईचं आडनाव गोडबोले! कोथरूडमध्ये बसून हसू आवरणार कसं? शिवाय संवाद गुलजारांचे. चाची झालेला कमल हासन ज्या ज्या दारातून आत जातो, त्या दारामागे एक नवं लचांड उभं असतं.

आणि डाउटफायर बाईंवर कोण भाळतो? बसचा ड्रायव्हर. तोही दोन-चार मिनिटं, एकदा तिच्या केसाळ पायाकडे बघून. संपलं. एवढ्या मोठ्या घरात तिच्यावर नीट संशय घेणारं माणूस नाही. बायको तर तिला मैत्रीण मानून मनातलं सगळं सांगायला लागते. गोष्ट म्हणून ते हळवं आहे, पण प्रहसन म्हणून बसलेली गाडी आहे.

साडीचा मुद्दा अजून संपला नाही. हौशी मंडळांच्या नाटकांत मी पुरुषांना नऊवारी नेसवली आहे, तेव्हा सांगते. पुरुषाला कंबर नसते. निऱ्या खोचल्या की दुसऱ्या अंकात त्या घसरायला लागतात. म्हणून आधी एक जुना पंचा कमरेला घट्ट गुंडाळायचा, त्यावर नाडी, मग साडी. गळ्याचा उंचवटा ठुशीखाली जातो. दंड उघडेच, म्हणून ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत. आणि एवढं करून गडी खुर्चीत बसला की गुडघे फाकवून बसतो, झालं, सगळी मेहनत पाण्यात! डाउटफायर बाईंचे कपडे बघा. गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, वर ब्रूच, लांब बाह्या, जाड मोजे, घोळदार स्कर्ट. सगळं झाकलेलं, म्हणजे उघडं पडायची धास्तीच कमी. साडीत प्रत्येक मिनिटाला काहीतरी सुटायची भीती असते आणि ती भीती प्रेक्षकालाही असते. मला वाटतं आपण त्या भीतीला हसतो.

आता जे चांगलं आहे ते. केकचा प्रसंग तुम्ही चहा टाकायला गेला होतात तेव्हा हुकला असेल तर परत लावा. कोर्टाची बाई घर तपासायला येते. हा बाईच्या वेशात असतो, म्हणून सांगतो की मी त्याची बहीण. तिला भाऊही भेटायला हवा. मग आत-बाहेर, टोप काढ, टोप घाल. त्या धांदलीत रबरी चेहरा खिडकीतून खाली रस्त्यावर पडतो आणि त्यावरून ट्रक जातो. आता चेहराच नाही! फ्रिज उघडतो, आत आयसिंगचा केक, त्यात तोंड खुपसतो आणि बाहेर येऊन जणू चेहऱ्याला लेप लावलाय अशा थाटात गप्पा मारतो. दिव्यांच्या उष्णतेने आयसिंग वितळून खरोखरच थेंब थेंब गळायला लागलं आणि विल्यम्सने तिथल्या तिथे तेही विनोदात ओढलं. पाहुणीच्या चहाच्या कपात आयसिंग पडतं आणि हा गडी अगत्य करत राहतो. त्या ठिकाणी मी एकटीच घरात मोठ्याने हसले.

दुसरा प्रसंग हॉटेलचा. एकाच संध्याकाळी, एकाच हॉटेलात, एका टेबलावर साहेबाबरोबर नोकरीची बोलणी आणि दुसऱ्या टेबलावर बायकोच्या वाढदिवसाचं जेवण. टॉयलेटमध्ये कपडे बदलत पळापळ, वर साहेबाच्या आग्रहाने पोटात गेलेली व्हिस्की. ही खरी प्रहसनाची मांडणी, दारं आणि वेळ यांच्यावर चालणारी. अख्खा सिनेमा या वेगाने गेला असता तर तुमचा चहा गार झाला असता.

पण तसा तो जात नाही. हसू जमायला लागलं की सिनेमा थांबतो आणि बापाचे डोळे भरून आलेले दाखवतो. मग पुन्हा हसायचं, पुन्हा थांबायचं. प्रहसनाला दयामाया नसावी. लेखकाला एकदा का नायकाची कीव आली की बसलेल्यांचं हसू घशात अडकतं. त्यातून मला एक वैयक्तिक अडचण आहे : मी मिरांडाच्या, म्हणजे त्या बायकोच्या, बाजूची. बाई दिवसभर नोकरी करून घरी येते तर मुलाच्या वाढदिवसाला नवऱ्याने घरात जनावरं आणून नाचवलेली, सगळा विचका झालेला. तिने वेगळं व्हायचं म्हटलं तर चुकलं कुठे? सिनेमा तिला जरा रुक्ष ठरवायला बघतो. सॅली फील्डने ती भूमिका इतकी सरळ केलीय की तसं होत नाही, हे तिचं श्रेय.

याच जातीचं काहीतरी खरंच चांगलं बघायचं असेल तर जावयांना बिली वाइल्डरचा १९५९चा 'सम लाइक इट हॉट' लावायला सांगा. किंवा १९८२चा 'टूटसी', डस्टिन हॉफमनचा. एबर्ट यांनाही 'डाउटफायर' बघताना 'टूटसी'च आठवला होता. दोन्हींत बाई झालेल्या पुरुषाच्या गळ्यात लोक पडतात, म्हणजे तुमची माझी सोय झाली.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र एका फ्लॅटमध्ये राहतो. परवा 'मिसेस डाउटफायर' बघितला. शेवट बघून आमच्यात भांडण झालं. दोघं म्हणतात, नवरा-बायको परत एकत्र यायला हवे होते, 'चाची ४२०'सारखे. दोघं म्हणतात, हेच बरोबर. तुम्ही निकाल द्या.
— एक विद्यार्थी, कात्रज

उत्तर : निकाल दुसऱ्या दोघांच्या बाजूने. वर मी या सिनेमाची बरीच उणीदुणी काढली आहेत, पण शेवटाबद्दल एक शब्द बोलणार नाही. सुरुवातीच्या पटकथेत ते एकत्र येतात असंच होतं. विल्यम्स, फील्ड आणि कोलंबस अडून बसले. ज्या मुलांचे आईवडील खरंच वेगळे झालेत, त्यांना असला शेवट खोटी आशा लावेल असं त्यांचं म्हणणं.

आणि मिरांडाच्या आयुष्यात येणारा तो नवा माणूस, स्टू, त्यालाही खलनायक केलेला नाही. पिअर्स ब्रॉस्नन, अजून बाँड व्हायचा होता, सभ्य, मुलांशी नीट वागणारा. आपल्या सिनेमात असा माणूस मध्यंतरानंतर हमखास दारू प्यायला लागतो किंवा दागिने चोरतो, म्हणजे नायिकेची परतायची वाट मोकळी. इथे तो शेवटपर्यंत चांगलाच राहतो. हे धाडस आहे. 'चाची' कितीही लाडकी असली तरी तिच्या शेवटाला ते धाडस नाही. तिथे सगळी गाठ सुखरूप बांधून लोकांना घरी पाठवलंय.

शेवटी डाउटफायर बाई टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करतात आणि एका मुलीचं पत्र वाचतात. तिचे आईवडील वेगळे राहायला लागलेत. त्याला बाई जे उत्तर देतात ते अगदी साधं आहे : कुटुंबं वेगवेगळी असतात, एकत्र न राहणारे आईवडीलही प्रेम करतातच. (वाचकांची पत्रं वाचून उत्तरं देणं हा माझा धंदा असल्याने मी तो भाग जरा जास्तच बारकाईने बघितला. बाईंनी छान लिहिलंय. माझ्यापेक्षा आटोपशीर.) शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेर एखाद्या सकाळी जाऊन उभे राहा. मुलाचं बोट धरून आलेली आई, लांब उभा असलेला बाप. त्यातल्या मुलाला 'चाची'चा शेवट काय कामाचा?

भांडण मिटलं असेल तर फ्लॅटची भांडी कोण घासणार तेही ठरवून टाका.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत आजीचं काम एक मुलगा करतोय. 'मिसेस डाउटफायर'सारखा रबरी मुखवटा करून मिळेल का? साधारण खर्च किती येईल?
— नाट्यमंडळ प्रतिनिधी, पुणे

उत्तर : खर्चाचं नावच काढू नका. सिनेमात तो चेहरा टोपीसारखा एका हिसक्यात निघतो, ती गोष्टीतली सोय. प्रत्यक्षात विल्यम्सच्या तोंडावर फोम लेटेक्सचे, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराचे, वेगवेगळे तुकडे एकेक करून चिकटवायचे. कडा दिसू नयेत म्हणून वर रंग, मग टोप. बसवायला चारेक तास लागायचे. एकदा उतरवले की असले तुकडे पुन्हा वापरण्यासारखे राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी नवे. या कामासाठी ग्रेग कॅनम, व्ही नील आणि योलांडा टुसँग यांना १९९४ साली ऑस्कर मिळालं, आणि ते वाजवी होतं. त्या चेहऱ्यावर हसू येतं तेव्हा गाल हलतात, ही सोपी गोष्ट नाही.

तुम्हाला कॅमेरा नाही, मंच आहे. पहिली रांगसुद्धा तोंडापासून लांब असते. मुलाला आरशासमोर बसवा, कपाळाला आठ्या घालायला सांगा, डोळे बारीक करायला सांगा. जिथे त्याच्या स्वतःच्या रेघा पडतात तिथेच तपकिरी रेघ ओढा आणि तिच्या शेजारी उजळ. दुसऱ्याच्या आजीच्या सुरकुत्या त्याच्या तोंडावर काढायला जाऊ नका, दिवे पडले की त्या जखमांसारख्या दिसतात. दाढीची हिरवट झाक घालवायला बेसच्या आधी नारिंगी रंगाचा पातळ हात द्या. ही झाक भल्याभल्यांना छळते. 'सम लाइक इट हॉट' कृष्णधवल ठेवण्यामागेही हेच होतं, रंगीत चाचणीत दोन्ही नायकांचे रंगवलेले चेहरे हिरवट दिसत होते.

टोप भाड्याने घ्या, पण तालमीच्या आधी एकदा घालून वाका, बसा, उठा. टोप चुकीच्या जागी निसटला तर पुढची सगळी वाक्यं वाहून जातात. आणि त्या मुलाला आठवडाभर घरात आजीच्या मागे मागे हिंडायला सांगा. ती खुर्चीतून उठताना आधी काय धरते ते त्याने बघावं. रंगाचं काम निम्मं कमी होईल.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला हा सिनेमा दाखवू का?
— एक आई, बाणेर

उत्तर : थोडं थांबलात तर बरं. अमेरिकेत त्याला पीजी-१३ असा शेरा आहे, म्हणजे १३च्या आतल्यांना दाखवताना आईबापांनी विचार करावा. सुरुवातीचं नवरा-बायकोचं भांडण मुलांना विनोदी वाटत नाही, खरं वाटतं. काही वाक्यं चावट आहेत, ती तिच्या डोक्यावरून जातील. अकरा-बाराची झाली की शेजारी बसून बघा. फक्त हॉटेलच्या प्रसंगात नायक स्टूच्या जेवणात मुद्दाम तिखट घालतो आणि स्टूला त्याचं वावडं असतं. बिचाऱ्याचा जीव गुदमरतो. सिनेमा त्यावर हसायला सांगतो. तिच्या वर्गात शेंगदाण्याचं किंवा अंड्याचं वावडं असलेलं एखादं मूल असेलच, तेव्हा तिथे सिनेमा थांबवून तिला सांगा, की डब्यात असलं काही गमतीतसुद्धा करायचं नाही.